पन्नास मैलांचं ताट

डॉक्टर बर्वे भाजीचा पोस्टकोड विचारतात.

चेष्टा करत नाही. आम्ही इथे इंग्लंडात पिनरला राहायला आलो तेव्हा शेजारधर्म म्हणून मी त्यांना आणि सुधाकाकूंना जेवायला बोलावलं. चार घरं सोडून घर, दोघंही सत्तरीला टेकलेले, त्यातून पुण्याचे. मी वेम्बलीला ईलिंग रोडवर जाऊन, एकेक शेंडा मोडून बघत, दुकानदाराची बोलणी खात कोवळी भेंडी निवडून आणली होती. डॉक्टरांनी ताटातली भेंडी चमच्यानं उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "ही कुठली?"

"ईलिंग रोडची," मी म्हटलं.

"ते दुकान झालं. जन्मली कुठे?"

भेंडीची पत्रिका काही मी बघितली नव्हती. माझा नवरा नितीन मदतीला धावला आणि त्यानं घात केला. "केनिया असेल, काका. खोक्यावर लिहिलेलं असतं."

"म्हणजे विमानानं आली," डॉक्टर म्हणाले आणि भेंडी ताटाच्या कडेला नेऊन ठेवली. "चार हजार मैल प्रवास करून आलेल्या पाहुण्याला मी खात नाही."

उरलेलं जेवण त्यांनी बटाट्यावर काढलं, तेही बटाटा केंब्रिजशरचा निघाला म्हणून. त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस विक्षिप्त आहे. पुढच्या सहा वर्षांत त्यांच्याकडे जे जे खाल्लं, त्यानंतर मी हे मत बरंच कडक केलंय. हे सगळं मी थोडं सूड म्हणून लिहितेय असं कुणाला वाटलं, तर मी नाही म्हणणार नाही.

डॉक्टर श्रीनिवास बर्वे हे निवृत्त भूलतज्ज्ञ. पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांना ऑपरेशनआधी झोपवायचं काम केलं. त्या पेशंटांना निदान आधी सांगत तरी असतील की आता भूल देतोय म्हणून. आम्हाला ते स्वीड नावाचा कंद सुरण म्हणून वाढतात आणि वर विचारतात, "कळलं का काही?"

रिटायर झाल्यावर माणसं गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात, गुडघे बदलून घेतात. डॉक्टरांनी कौन्सिलकडून अ‍ॅलॉटमेंट घेतली. म्हणजे गावाच्या कडेला भाजीपाला पिकवायला भाड्यानं मिळतो तो जमिनीचा तुकडा. तिथे फावडं मारता मारता त्यांना साक्षात्कार झाला, की माणसानं आपण राहतो तिथलंच आणि ज्या त्या ऋतूतलंच खावं. ऐकायला चांगलं आहे. नाशिकला राहून हे तत्त्व पाळायला मीही तयार आहे. पण पिनरला जानेवारीत पातीच्या कांद्यासारखा लीक, पांढऱ्या गाजरासारखा पार्सनिप आणि चिखल यांखेरीज काही येत नाही.

डॉक्टर तत्त्वाला पक्के. त्यांच्या फ्रिजच्या दारावर इंग्लंडचा रस्त्यांचा नकाशा आहे. पिनरमध्ये कर्कटकाचं टोक रोवून पन्नास मैलांचं वर्तुळ काढलंय. आतलं खायचं, बाहेरचं खायचं नाही. मात्र नीट बघितलं तर त्या वर्तुळाला एसेक्सच्या बाजूला एक टेंगूळ आलेलं दिसतं, ते मिठासाठी. वर यॉर्कशरपर्यंत एक शेपूट गेलंय, ते रूबार्बसाठी. डाळ, तांदूळ, हिंग, मसाले, चहा यांना माफी, कारण "कोरडा माल जहाजानं येतो. जहाज म्हणजे पाप नाही." कढीलिंबाचं झाड काचेच्या खोलीत शालीत गुंडाळून ठेवलेलं असतं. ते बारा वर्षं इथे राहिलंय म्हणून स्थानिक ठरलंय. आम्हाला इथे कायमचं राहायची इनडेफिनिट लीव्ह मिळायला दोन वकील लागले, त्या झाडाचं नुसत्या शालीवर भागलं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, तुम्ही स्वतः विमानानंच आलात ना?"

"मी एकदाच आलो," ते म्हणाले. "तुझी भेंडी दर मंगळवारी येते."

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. नितीन म्हणतो, त्यापेक्षा भूल घेतलेली बरी.

त्यांच्या स्वयंपाकातला मुख्य मसाला म्हणजे 'समजा'. ताट पुढे ठेवताना ते एकेका पदार्थाची ओळख करून देतात. "हे समजा अळू." असतं पालकाच्या जातीचं चार्ड, नाहीतर चक्क नेटल, हात लावला तर दिवसभर आग होते ती, पिन नदीच्या काठावरून ऑपरेशनचे हातमोजे घालून खुडलेली. "हे समजा ओलं खोबरं." असतात केंटचे हिरवे कॉबनट, म्हणजे ओले हेझलनट, किसलेले. शाळेत बीजगणितात 'समजा क्ष' म्हटलं की गणित संपेपर्यंत क्षची किंमत तरी निघायची. इथे जेवण संपून बडीशेप आली तरी आपण काय खाल्लं ते कळत नाही. बडीशेपही त्यांच्याच वाफ्यातली. माझी मुलगी रिया इथेच जन्मली, पंधरा वर्षांची आहे. ती प्रत्येक वेळी पहिल्या घासाआधी माझ्या कानाशी लागते, "आई, हा भाजी समजा आहे की रिअल आहे?"

मे महिन्यात अ‍ॅस्पॅरॅगस येतं, म्हणजे बोटाएवढे कोवळे हिरवे कोंब. डॉक्टरांनी त्याची आमटी केली आणि जाहीर केलं, "ह्या समजा शेवग्याच्या शेंगा." नितीन हा शेंग दातांत धरून ओढणारा आणि चोथ्याचा ढीग रचणारा माणूस. तो चघळत राहिला. चोथा निघेना. आम्ही सगळे त्याच्याकडे बघतोय, तो खिडकीबाहेर बघतोय. शेवटी त्यानं गिळलं आणि हळूच म्हणाला, "काका, यात टाकायला काही निघतच नाही."

"नाहीच निघत!" डॉक्टर खूश. "बघ म्हणजे. आपल्या शेंगेत निम्मा कचरा."

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांनी एकदा कॉबनटचं सारण भरून एकवीस मोदक आणले. अध्यक्षीणबाईंनी मोदक फोडला, आतला हिरवट रंग बघितला आणि कौतुकानं विचारलं, "अय्या, पिस्ता का?" डॉक्टर इतके दुखावले, जसं काही कुणी त्यांची डिग्री विचारली. "पिस्ता इराणचा असतो, बाई," ते म्हणाले. पुढचे दहा दिवस कुणी मोदकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. गणपतीनंही नाही.

ऑगस्टमध्ये तर विचारूच नका. कोर्जेट नावाची काकडीसारखी भाजी एकदा लागली की थांबत नाही. आमच्या मागच्या अंगणात दोन वेल आधीच होते. सकाळी दार उघडावं तर पायरीवर पिशवीत सात कोर्जेट, वर चिठ्ठी, 'थालिपीठ करणे.' घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी ते ऑफिसात वाटले, लायब्ररीत ठेवले, एकदा ट्रेनमध्ये मुद्दाम विसरले. एका सद्गृहस्थांनी धावत येऊन पिशवी परत केली.

आज काय करायचं, असा प्रश्न डॉक्टरांच्या घरात कुणी कुणाला विचारायचा नाही. त्याचं उत्तर ठरलेलं, "जमिनीला विचारा." रोज सकाळी ते खरोखरच विचारायला जातात. गमबूट घालून वाफ्याच्या कडेला हात मागे बांधून उभे राहतात, मग शेजारच्या तुकड्यावरच्या रेमंडला विचारतात. रेमंड हा नव्वदीचा इंग्रज म्हातारा. तो दिवसाला फार तर चार शब्द बोलतो. डॉक्टर ते चार शब्द वेदवाक्यासारखे घरी घेऊन येतात आणि त्यावर जेवण ठरतं.

या सगळ्यात सुधाकाकू कुठे होत्या? टेबलाच्या खिडकीकडच्या खुर्चीत. पुढ्यात येईल ते शांतपणे जेवत. मूलबाळ नाही, घरात दोघंच. काकू कमी बोलायच्या आणि बोलल्या तर हवेबद्दल बोलायच्या. मला वाटायचं, बाईंचा स्वभावच गरीब.

गेल्या वर्षी जानेवारीत त्या पुण्याला गेल्या. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, महिन्याभराचा बेत. फेब्रुवारीत बहीण काठी टेकत चालायला लागली. मार्चमध्ये तिनं काठी टाकली. काकू आल्या नाहीत.

"काकू कधी येणार?" मी विचारलं.

"रूबार्बला येईल," डॉक्टर म्हणाले.

त्यांचं कॅलेंडर असंच आहे. रूबार्ब म्हणजे आंबट लाल देठ. यॉर्कशरला ते अंधाऱ्या शेडमध्ये मेणबत्तीच्या उजेडात वाढवतात, हे डॉक्टरांनी मला नऊ वेळा सांगितलंय. त्याची ते चिंचेऐवजी आमटी करतात. रूबार्ब आला, आमटी झाली, डबा आमच्याकडे आला. काकू आल्या नाहीत.

"आता अ‍ॅस्पॅरॅगसला येईल. एप्रिलात इथे आहेच काय?"

मग म्हणाले, ब्रॉड बीन्सना येईल, त्या सोलून वालाच्या डाळिंब्यांसारखी उसळ होते. ती उसळ, खरं सांगायचं तर, चांगली होते. माझ्या तोंडून हे वाक्य काढायला त्यांना सहा वर्षं लागली. ब्रॉड बीन्स संपल्या. मग ब्लॅकबेरीला येईल. मग भोपळ्याला. दिवाळीला तर नक्की. दिवाळीत त्यांनी ब्रसेल्स स्प्राउट्सची भाजी केली आणि म्हणाले, "आता थंडीत कशाला यायचं तिनं? रूबार्बला येईल."

मंडळात चर्चा व्हायचीच. वॉटफर्डला एका वाढदिवसाला कुणी तरी विचारलं, बर्वेवहिनी दिसत नाहीत बरेच दिवसांत. मी म्हटलं, "त्या पन्नास मैलांच्या बाहेर उडी मारून पळाल्या. पार्सनिपनं हाकलल्या." सगळे इतके हसले की यजमानीणबाईंनी मला पुन्हा सांगायला लावलं, उशिरा आलेल्यांसाठी. मी पुन्हा सांगितलं. हातवारे करून.

त्या वर्षभरात डॉक्टरांचे डबे वाढले. आइस्क्रीमचे रिकामे डबे, वर चिकटपट्टीवर तारीख आणि पदार्थाचं नाव. दोघांसाठी करायचा हात, एकट्यापुरता आवरेना. मी डबे घ्यायचे, थँक्यू म्हणायचे आणि दार लावून नितीनला म्हणायचे, "आली बघ आजची भूल."

एका रविवारी मी रिकामे डबे परत द्यायला गेले तेव्हा त्यांचा पुण्याला फोन चालू होता. स्पीकरवर. मला हातानंच बस म्हणाले.

"सुधा, लीक संपत आले. केल चांगला आहे."

"हो का," काकूंचा आवाज.

"रेमंड म्हणतो, यंदा थंडी लांबणार."

"बरं."

"पर्पल ब्रॉकोली धरलीय. दोन आठवड्यांत येईल."

"छान."

"ठीक तर मग," डॉक्टर म्हणाले. "ठीक. गोळ्या घ्या वेळेवर," काकू म्हणाल्या. झाला फोन. आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामान सांगतात तेसुद्धा यापेक्षा आपुलकीनं सांगतात. मी घरी येऊन त्या फोनची हुबेहूब नक्कल केली. रिया हसली नाही. "आई, इट्स सॅड," म्हणाली आणि वर निघून गेली. हल्लीच्या मुलांना विनोद कळत नाही, असं मी नितीनला म्हटलं.

यंदा ईस्टरच्या सुट्टीत मी पुण्याला जाणार हे कळल्यावर डॉक्टर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार बरण्या घेऊन आले. गूजबेरीचं लोणचं. कैरीचं करतात तसंच.

"काका, बरण्या विमानानं जाणार," मी आठवण करून दिली. असे मोके मी सोडत नाही.

"विमान तसंही जाणारच आहे," ते म्हणाले. मग बूट पुसत पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघ जरा. विचार तिला. कधीचं ठरवतेय."

पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी भाजीचं नाव घेतलं नव्हतं.

काकूंचा फ्लॅट सहकारनगरला, तिसऱ्या मजल्यावर. मी चपला काढते न काढते तोच त्यांनी विचारलं, "काय खाशील? पोहे करू, की शिरा? की सरळ जेवतेसच?" मी थबकले. काकूंच्या तोंडून एका दमात इतके शब्द मी कधी ऐकले नव्हते. त्या जाड झाल्या होत्या. छान दिसत होत्या.

बरणी त्यांनी लगेच उघडली, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "मुरलंय हो छान," म्हणाल्या. "हात चांगलाच आहे त्यांचा. नाही कुठे म्हणतेय मी?"

"मग येत का नाही काकू?" मी विचारलं. "सगळे म्हणतात की..." पुढे माझा मीच बनवलेला विनोद होता, तो गिळला.

"पार्सनिपला कंटाळले म्हणतात ना? कळलंय मला." काकू हसल्या. "अगं, पार्सनिपचं काय घेऊन बसलीस. एकतीस वर्षं ते स्वयंपाकघर माझं होतं. परक्या देशात माझं म्हणावं असं तेवढंच. ह्यांच्या नाइट ड्यूट्या, कधी येणार, कधी जाणार, सगळं तिथे बसून निभावलं. मग रिटायर झाले आणि एका सोमवारी सकाळी मी खाली आले तर माझा मिसळणाचा डबा वरच्या फळीवर. ह्यांनी एप्रन बांधलेला. म्हणाले, सुधा, तू फार राबलीस. आता तू बसायचं. मी करणार."

"चांगलंच म्हणाले की."

"चांगलंच म्हणाले. म्हणून तर काही बोलता येईना. लोकांचे नवरे चहा करून घेत नाहीत, माझा मला ताट वाढून देतोय, तक्रार कशी करायची? बसले. दहा वर्षं बसले." त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "पण एकदा विचारावं की नाही, सुधा, आज तुला काय खावंसं वाटतंय? जमिनीला विचारतात. त्या रेमंडला विचारतात. हवेला विचारतात. बाजूला बसलेल्या बाईला नाही. इथे खाली भाजीवाला रोज विचारतो, आज्जी, आज काय देऊ? मला सुरुवातीला उत्तरच सुचायचं नाही गं. मी पायरीवर उभी राहून विचार करायचे, मला काय आवडतं?"

"त्यांना सांगू का मी?"

"मी सांगणार नाही," काकू म्हणाल्या. "विचारलं तर सांगेन. तुला काय करायचंय ते कर."

मग त्यांनी पानं घेतली. मला सगळं दोनदा वाढलं आणि प्रत्येक वेळी आधी विचारलं.

मी परत आले तेव्हा एप्रिलचा तिसरा आठवडा. या दिवसांना इथले माळी हंग्री गॅप म्हणतात, म्हणजे हिवाळ्यातली भाजी संपलेली आणि उन्हाळ्यातली अजून जमिनीतच. डॉक्टर बर्व्यांच्या राज्यात तर आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते दारात हजर. गमबूट, स्वेटर, हातात काहीच नाही.

"येतेय का?" त्यांनी विचारलं.

सहा वर्षं या माणसावर मी पाठीमागे तोंडसुख घेतलं, आता तोंडावर सांगायची वेळ आली. मी सांगितलं. डबा वरच्या फळीवर ठेवल्याचं, भाजीवाल्याचं, सगळं. ते उभ्या उभ्याच ऐकत होते. मध्ये एकदाही "सोप्पं आहे" म्हणाले नाहीत, एरवी प्रत्येक गोष्टीला म्हणतात.

"मला वाटलं, तिला विश्रांती दिली," ते म्हणाले.

"हो, काका."

"मी ते तिच्यासाठी सुरू केलं होतं. ती मांडीवर हात ठेवून बसलेली असायची, मला वाटायचं, समाधानात आहे." मग त्यांनी विचारलं, "अनघा, सुधाला काय आवडतं?"

आधी मला वाटलं, हे असंच म्हणतायत. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस चार घरांपलीकडच्या बाईला विचारत होता. खरंच माहीत नव्हतं त्यांना.

आणि मला माहीत होतं. दर गुरुवारी डॉक्टर अ‍ॅलॉटमेंटच्या मीटिंगला गेले की काकू माझ्याकडे यायच्या, पिशवीत ईलिंग रोडच्या श्रीलंकन दुकानातून आणलेलं हातभर पडवळ घेऊन. माझ्या ओट्यावर चिरायच्या, चण्याची डाळ घालून भाजी करायच्या, माझ्याच टेबलावर पोळीशी खायच्या, भांडी घासून ठेवायच्या आणि मीटिंग संपायच्या आत घरी जायच्या. "ह्यांना उगाच वाईट वाटेल," म्हणायच्या. मला त्या चोरीची गंमत वाटायची. मी खिडकीत पहारा करायचे. पाच वर्षं मी त्यांना चोरून खायला जागा दिली आणि एकदाही म्हटलं नाही, काकू, सरळ सांगा ना त्यांना. वॉटफर्डला विनोद केला तो मात्र दोनदा केला. त्या सकाळी दारात उभं राहून मला माझीच लाज वाटली.

"पडवळ," मी म्हटलं.

"पडवळ?" त्यांनी एखाद्या आजाराचं नाव ऐकावं तसं ऐकलं. "ती कधी बोलली नाही." मग खाली बघून म्हणाले, "कुठे मिळतं? कसं करतात?"

रविवारी मी त्यांना गाडीनं ईलिंग रोडवर नेलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तमाशाच्या तंबूत शिरणाऱ्या हेडमास्तरांसारखे ते कॉलर वर करून चालत होते. दुकानात पडवळ हातात घेऊन त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, सवयीनं लेबल शोधलं, दुकानदाराकडे बघून तोंड उघडलं. त्यांनी तोंड मिटलं आणि पडवळ टोपलीत ठेवलं.

भाजी त्यांनीच केली, त्यांच्या स्वयंपाकघरात. मी नुसतं सांगत होते. पडवळ उभं चिरून आतलं बी त्यांनी असं अलगद काढलं की पेशंटला कळलंही नसतं. गंमत म्हणजे मला स्वतःलाही ती भाजी नीट येत नाही, मी फक्त शेजारी उभी राहून बघितलेली. शिजली खरी. त्यांनी पोळीचा तुकडा घेऊन चव बघितली.

"पाणचट आहे हो," म्हणाले. आणि वाटीभर संपवली, उभ्यानंच.

मग त्यांनी फोन लावला. रविवारची वेळ झालीच होती. मी निघाले तर हातानं थांब म्हणाले.

"सुधा, आज पडवळ केलं होतं."

डॉक्टरांनी फोन तोंडाजवळ नेला.

"ऐकतेस ना? पडवळ. डाळ घालून. फारसं काही जमलं नाही."

मला वाटलं, फोन कट झाला. डॉक्टरांनाही वाटलं असावं, त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग काकूंचा आवाज आला.

"डाळ किती वेळ भिजवली होतीत?"

पंधरा महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. डॉक्टर भांबावून माझ्याकडे बघायला लागले. मी एक बोट वर केलं.

"एक तास," ते म्हणाले.

"एका तासात काय भिजतेय ती? रात्रीच घालून ठेवायची. आणि वर झाकणात पाणी ठेवलं होतंत का?"

"झाकणात?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि खिडकीकडच्या बाजूला बसले. "नाही. ते माहीत नव्हतं. तू कसं करतेस? सांग ना मला."

काकू सांगायला लागल्या. मी बूट हातात घेतले आणि दार हळूच ओढून बाहेर आले.